ओहोटी लागली म्हणून सिग्नल पडतो का?

प्रश्न: नमस्कार काका, मी पेणचा, इंजिनिअरिंगला आहे, नुकतंच रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स मिळालंय, म्हणजे व्हीयू३ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनवाला. मागच्या रविवारी २० वॉटचा सेट, बॅटरी, १० मीटरची घडीची काठी आणि तिला वायर बांधून केलेली व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना घेऊन रेवदंड्याच्या खाडीवर गेलो. सकाळी सातला भरती होती, ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झ) केरळ, बंगाल सगळीकडून ५९ रिपोर्ट, म्हणजे एकदम स्पष्ट आणि जोरदार. अकरानंतर पाणी उतरलं आणि सगळे गायब! गंमत म्हणजे एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना आणि केबल किती जुळतात ते सांगणारा आकडा (१ म्हणजे अगदी जुळलं), उलट सुधारला, १.४ वरून १.१. पाणी गेलं की सिग्नल पण जातो का?

उत्तर: अरे, पाण्याला उगाच बदनाम करतोयस, खरा चोर डोक्यावर होता. ऊन चढलं की आयनोस्फिअरचा खालचा डी थर जागा होतो आणि ७ मेगाहर्ट्झ अक्षरशः पिऊन टाकतो, तिरकी लांब जाणारी लाट तर जास्तच कारण तिला त्या थरातून जास्त अंतर कापावं लागतं. मग दुपारी ४० मीटरवर उरतात कोण, तर जवळपासची दोन-तीनशे किलोमीटरवरची स्टेशनं, आणि त्यांचा सिग्नल वरून जवळजवळ सरळ खाली येतो, जिथे व्हर्टिकल बहिरी असते. म्हणजे लांबचे गेले आणि जवळचे तुला ऐकूच आले नाहीत. पुढच्या वेळी अकरा वाजले की वायर ५ मीटरची कर आणि २० मीटरवर जा, नाहीतर ४० वरच बसायचं असेल तर वायर आडवी बांध.

आता एसडब्ल्यूआरचं. पाव वेव्हलेंग्थची, म्हणजे ४० मीटरसाठी १० मीटरची, व्हर्टिकल चांगल्या जमिनीवर साधारण ३६ ओमची असते, ५० ओमच्या केबलला ते १.४ दिसतं, म्हणजे सकाळी तुझे रेडियल, म्हणजे अँटेनाच्या बुडाशी जमिनीवर पसरलेल्या तारा, खाऱ्या पाण्यात असताना सगळं झकास चाललं होतं. पाणी गेलं, वाळू सुकली, जमिनीतला तोटा समजा १४ ओमने वाढला, ३६ आणि १४ किती? मीटर खूश आणि पॉवर वाळू तापवतेय. डमी लोड, म्हणजे चाचणीसाठी अँटेनाऐवजी लावायचा, सगळी पॉवर उष्णतेत घालवणारा रोधक, त्याचा एसडब्ल्यूआर पण १.१ असतोच की! तरी हा तोटा दीड डीबी (डेसिबल) सुद्धा नाही, सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा पाव काटा, त्याने कोणी गायब होत नाही.

पाण्याचा खरा फायदा लांब पल्ल्याला. समुद्राचं पाणी सुक्या वाळूपेक्षा हजारपट जास्त वीज वाहून नेतं, त्यामुळे व्हर्टिकलची क्षितिजालगत जाणारी लाट जगते. पण त्यासाठी पाणी नुसतं काठीच्या बुडाशी असून भागत नाही, ज्या दिशेला बोलायचं तिकडे लांबवर हवं. रेवदंड्याला पश्चिमेला उघडा समुद्र आहे, युरोप वायव्येला, म्हणून संध्याकाळी २० मीटरवर तिथे मजा येते. ओहोटीला उघडा पडलेला ओला गाळ पण तसा वाईट नाही हं, त्यात मीठ असतंच.

भरतीची वेळ काढायला आपल्याकडचा जुना हिशोब पुरतो, तिथीची पाऊणपट. नवमीला पावणेसात, म्हणजे तुझा रविवार नवमीच्या आसपासचाच असणार. चतुर्थीला ३. हे ३ मी कधीच विसरणार नाही, कारण एका चतुर्थीला मी लॉगशीटच्या, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीच्या, कोपऱ्यात 'भरती ३' लिहून ठेवलं आणि लॉग नेहमीसारखा यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत. हेडफोन कानात, मोर्स चालू, शेवटची नोंद ०७२०, म्हटलं अजून साडेसात तासांहून जास्त आहेत. प्रत्यक्षात एक वाजायला दहा मिनिटं कमी होती! आणि भरतीचा मधला दीड-दोन तासच तर पाणी सगळ्यात जोरात चढतं. खाडीत ते समोरून येतच नाही, मागच्या ओहळातून गुपचूप येतं, मी वाळूच्या उंचवट्यावर होतो आणि मागे गुडघाभर पाणी. सेट डोक्यावर घेऊन बाहेर पडलो, बॅटरीची पिशवी भिजली ती भिजलीच, घरी येऊन सगळे कनेक्टर गोड्या पाण्याने पुसले तरी महिन्याभरात दोन हिरवे पडले. तेव्हापासून भरतीची वेळ मी लाल पेनाने, आयएसटी (भारतीय वेळ) असं लिहून, हाताच्या मनगटावर लिहितो. हसतात लोक.

प्रश्न: मी रत्नागिरीत शिक्षिका आहे, माझंही लायसन्स आहे. एकटीने खाडीवर अँटेना लावून बसले तर पोलीस हटकतील का?

उत्तर: ताई, हटकतील, आणि किनाऱ्यावर ते साहजिकच आहे, २६/११ नंतर तर जास्तच. लायसन्सची मूळ प्रत जवळ ठेवा, दुसऱ्या जागेवरून स्टेशन चालवण्याबद्दल त्यावर काय अटी आहेत त्या निघायच्या आधी वाचा, आणि आदल्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात सांगून या. बंदर, जेट्टी टाळा, किल्ल्याच्या भिंतीला दोरी बांधू नका. बाकी गावकऱ्यांचं म्हणाल तर त्यांना ती काठी गळाचीच वाटते, येता-जाता विचारतात, काय गावला की नाय? मी एकदा सांगितलं, मॉरिशस.