ख्रिस्ती मंडळीत सगळे विश्वासणारे खरंच समान असतात का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीतल्या मैत्रिणीबरोबर उपासनेला गेला होतात. सगळे एकमेकांना बंधू-भगिनी म्हणत होते, पण पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, मात्र 'साहेब', आणि बाहेर कुणीतरी एका मुलीच्या स्थळाबद्दल 'मूळचे कोण?' असं विचारत होतं. मी ठाण्यातल्या एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीचा सभासद आहे, बारा वर्षं कमिटीवर होतो. आतून जे पाहिलं ते सांगतो.

'साहेबां'चं आधी संपवतो. पाळकांच्या आणि माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्यात, म्हणजे पाण्यानं होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेत, तसूभरही फरक नाही. पापांची कबुली म्हणताना तेही आमच्यासारखेच गुडघे टेकतात. तुम्ही सगळे भाऊ आहात, स्वतःला गुरुजी म्हणवून घेऊ नका, असं येशूनं शिष्यांना बजावलं होतं (बायबल, मत्तय 23). तरी 'साहेब' आपल्या तोंडात बसलाय. मला तो खटकतो.

समानता बघायची असेल तर प्रभुभोजनाच्या रविवारी या, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात तेव्हा. वेदीपुढच्या कठड्यापाशी जो जसा येईल तसा गुडघे टेकतो. बँकेतला मॅनेजर, त्याच्या शेजारी सोसायटीचा जिना झाडणारी बाई, आणि दोघांच्या ओठांना तोच प्याला. (कोविडमध्ये छोटे वेगळे प्याले आले होते; आता पुन्हा एकच आहे.) माझी आजी नगर जिल्ह्यातली, महार घरातली. गावच्या विहिरीवर ओंजळ धरून उभं राहायचं आणि कुणी वरून पाणी घालेल तेव्हा प्यायचं, हे तिचं बालपण. पहिल्या प्रभुभोजनाबद्दल ती एवढंच सांगायची, "त्या दिवशी मी तोंड लावून प्याले." बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात येशूचा प्रेषित पौल यानं लिहिलंय की ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरत नाही. आजीला अक्षरओळख नव्हती, पण या वचनाचा अर्थ मी तिच्या त्या वाक्यातून शिकलो.

आता आमच्या चुकांबद्दल. हा प्रश्न पहिल्या पिढीपासूनचा आहे. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन पूर्ण जेवणासोबत होई, आणि तिथे जणू दोन पंगती पडत: काहीजण आपलं आणलेलं आधीच खाऊन-पिऊन तर्र होत, बाकीचे उपाशी राहत. इसवी सन 55च्या सुमारास पौलानं त्यांना खडसावलं, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? आणि उपाय सांगितला तो किती साधा: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

हे मी कित्येकदा वाचलं होतं. तरीही 2017च्या नाताळच्या प्रीतिभोजनाला माणशी अडीचशे रुपयांचं कूपन ठेवायची सूचना माझीच होती. उपासना संपली, पानं मांडली गेली, आणि माझ्या बायकोनं मला कोपरापाशी धरून फाटकाकडे बघायला सांगितलं. कळव्याहून येणारी तीन कुटुंबं मुलांचे हात धरून निघाली होती. पाच माणसांचे साडेबाराशे रुपये! मी धावत गेलो, "चला, आमच्याबरोबर बसा," म्हणालो. ते नम्रपणे "नको दादा, घरी केलंय," म्हणाले. त्या दिवशी मला घास गेला नाही. पुढच्या वर्षी कूपन बंद केलं, दाराशी एक बंद पेटी ठेवली, ज्याला जमेल त्यानं टाकावं. पहिल्या वर्षी चार हजार कमी पडले आणि कमिटीत बराच वाद झाला. कूपन मात्र परत आलं नाही.

जातीचं सगळ्यात अवघड. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीत धरत नाहीत. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, आम्हाला नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी आमची जात गेली, पण सोयरिकीच्या बैठकीत ती येऊन बसते. भारतातल्या कॅथलिक बिशपांनीही 2016च्या धोरणात मान्य केलं की चर्चच्या आतसुद्धा दलितांशी भेदभाव होतो. बाप्तिस्म्यात काही कमी होतं म्हणून हे घडत नाही. आम्ही पाण्यातून बाहेर येताना जुनं गाठोडं उचलून बरोबर आणतो.

माझ्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी खारघरच्या एका मुलाशी लग्न केलं. तोही ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीचा, मूळ मातंग घरातला. माझी आत्या म्हणाली, "आपण त्यांच्याकडे जेवतो, मुलगी देत नाही." ज्या आजीला विहिरीवर ओंजळ धरावी लागली, तिच्याच पोटची ही लेक. लग्नाला ती आली नाही. यंदाच्या ईस्टरला मुलगी आणि जावई आमच्या मंडळीत आले होते. कठड्यापाशी जावयाच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे आत्या येऊन टेकली. प्याला आधी त्याच्या ओठांना लागला, मग तिच्या. ती प्याली. घरी मात्र अजून आलेली नाही.