बुधवारचं कालवण शुक्रवारी खावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आज बुधवार, पाहुणे येणार म्हणून बांगडे, कोळंबी आणि तिसऱ्या (शिंपल्या) घालून मोठं पातेलंभर कालवण केलं, पाहुणे आलेच नाहीत. निम्मं उरलंय, पातेल्यासकट फ्रीजमध्ये ठेवलंय. उद्या गुरुवार, घरात चालत नाही. शुक्रवारी उकळी काढून खाल्लं तर चालेल ना, उकळीनं सगळं मरतंच की? नाहीतर शेजारी देऊन टाकू का?

बेळगावात आमच्या घरी फ्रीजपेक्षा पंचांगाचं जास्त चालतं. सोमवार नाही, गुरुवार नाही, मधेच संकष्टी. त्यामुळं रविवारी उरलेलं कालवण मंगळवारची वाट बघतं आणि बुधवारचं शुक्रवारची. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथं उरलेलं कालवण म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीबरोबर संपवायची चीज, कारण रात्रभर मुरल्यावर ते जास्त चांगलं लागतं. इथं बेळगावच्या शहापुरात लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा कळलं की कालवणाला एक दिवस उपास पण घडू शकतो.

दिवसांपुरतं बोलायचं तर शुक्रवार बसतो. शिजवलेला मासा झाकून, 4 डिग्री किंवा त्याखालच्या फ्रीजमध्ये 3 ते 4 दिवस चालतो असं अमेरिकेतलं सरकारी मार्गदर्शन सांगतं. ब्रिटनचं अन्नसुरक्षा खातं 48 तासांतच संपवा म्हणतं. मी ब्रिटनवाल्यांचं ऐकते, कारण आमचा फ्रीज दिवसातून चाळीस वेळा उघडतो आणि उन्हाळ्यात लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नसतो. पण खरी गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही. गॅस बंद केल्यापासून फ्रीजमध्ये जाईपर्यंत ते पातेलं ओट्यावर किती वेळ होतं? मला विचाराल तर दिवस नंतर मोजा, आधी हे ओट्यावरचे तास मोजा.

5 ते 60 डिग्रीच्या मधलं कोमट अन्न म्हणजे जंतूंना जावयासारखा पाहुणचार. या पट्ट्यात शिजवलेलं अन्न 2 तासांहून जास्त राहू द्यायचं नाही, आणि हवा 32 डिग्रीच्या वर असेल तर 1 तासच. एप्रिल-मेमधलं आपलं दुपारचं स्वयंपाकघर आठवा. जेवणं झाली, जरा पडलो, चहा झाला, मग झाकपाक, यात तीन तास सहज जातात. पुण्याच्या मानानं बेळगाव थंड असेल, कालवणाला काही ते थंड नाही.

आता उकळीबद्दल. उकळीनं जिवंत जंतू बहुतेक मरतात, हे खरं. पण त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष उकळीला दाद देतंच असं नाही. जखम झालेल्या किंवा नाकात बोट घातलेल्या हातानं ढवळलं, तर त्यातून येणाऱ्या एका जंतूचं विष चांगलं खळखळ उकळूनही टिकतं. काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं कवचातलं झोपलेलं रूप, पहिल्या शिजवण्यातूनच वाचतात आणि मोठं पातेलं सावकाश निवत असताना आतल्या आत वाढतात. म्हणून "सकाळी एक उकळी, रात्री एक उकळी" ही आपल्या आज्ज्यांची पद्धत मला आता पुरेशी वाटत नाही. त्यांच्याकडं फ्रीज नव्हता, म्हणून ते ठीक होतं. शिवाय त्यांचं उरायचं किती? दोन तुकडे आणि वाटीभर रस्सा.

बांगड्याची गोष्ट तर वेगळीच, ती मी स्वतः भोगलेली आहे. आपल्याकडं समुद्र नाही, मासे गोवा, कारवार, वेंगुर्ल्याकडून घाट चढून येतात. सात-आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात दारावर आलेल्या एका विक्रेत्याकडून बांगडे घेतले. बुट्टीतला बर्फ वितळून पाणी झालेलं दिसत होतं, पण डोळे ठीक, वास ठीक, आणि भाव तर फारच ठीक. चांगलं वीस मिनिटं शिजवलं. जेवून अर्धा तास झाला नसेल, आमच्या ह्यांचा चेहरा आणि मान लालभडक, डोकं ठणकायला लागलं. माझे ओठ चुरचुरत होते, तिखट जास्त झालं असेल असं मला वाटलं. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, "बांगडा का?" अॅलर्जीवर देतात ती गोळी दिली, संध्याकाळपर्यंत उतरलं. बांगडा, तारली, सुरमई, कुप्पा (टूना) अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात, आणि त्यानंच हा अॅलर्जीसारखा त्रास होतो. ते एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, आणि वासालाही कळेलच असं नाही. कोळंबी-तिसऱ्यांना हा त्रास सहसा नसतो, त्यांचे वेगळे नखरे आहेत. तेव्हा उरलेलं कालवण जपायचं काम मासे घरी आणतानाच सुरू होतं. मार्केटला जाताना मी आता झाकणाचा डबा नेते आणि त्यात मासेवाल्या मावशींकडून बर्फ मागून घेते. त्या हसतात, पण देतात.

कोकम आणि चिंच आहे म्हणून टिकेल, असं पण बरेच जण म्हणतात. आंबटानं थोडी मदत होते, पण दोन कोकमांनी कालवणाचं लोणचं होत नाही. त्यात ओलं खोबरं वाटलेलं असेल तर ते उलट लवकर आंबतं.

पातेल्यासकट फ्रीजमध्ये ठेवलंत, हे मात्र मला पटलं नाही. मोठ्या पातेल्याच्या पोटातला रस्सा फ्रीजमध्येही तासन् तास कोमट राहतो. वर हात लावला तर गार, आत पळी घातली तर ऊन. मी काय करते सांगते. जेवणं झाली की लगेच परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं बसवते, घरात बर्फ असेल तर तोही टाकते आणि अधूनमधून हलवते. वाफ गेली की उथळ स्टीलच्या डब्यांत काढते, रस्सा साधारण दोन इंचांच्या वर नको. तुकडे एका डब्यात, वर बुडेल इतकाच रस्सा, बाकीचा रस्सा दुसऱ्यात. झाकण लावून मागच्या बाजूला, दारात नाही. गरम ठेवलं की फ्रीज बिघडतो म्हणून पूर्वी सासूबाई ओरडायच्या. भलं मोठं उकळतं पातेलं ठेवू नयेच, पण अजून कोमट असलेल्या लहान डब्यानं फ्रीजला काही होत नाही. पार गार होण्याची वाट बघण्यात जो वेळ जातो, तोच महागात पडतो. आणि आंबट कालवण अॅल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा कल्हई गेलेल्या पितळेत ठेवू नका.

तिसऱ्यांचं मांस शिंपल्यांतून सोडवून ठेवा, जागाही वाचते. शिजवूनही ज्या उघडल्या नव्हत्या त्या तशाच आत राहिल्या असतील तर काढून टाका, चमच्यानं उघडून खाऊ नका.

लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडायचं नाही. बंद फ्रीज साधारण 4 तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर मी कालवणाची दया करत नाही. शुक्रवारी खरंच खाणार की नाही अशी शंका असेल तर आजच फ्रीजरला टाका. तिथं दोन-तीन महिने राहील. कोळंबी जरा चामट होते आणि खोबऱ्याचा रस्सा फुटल्यासारखा दिसतो, तेवढं चालवून घ्यायचं. काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचं, ओट्यावर नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत फ्रोझन मासे आणून कालवण केलं असेल तर ते परत गोठवता येतं का, असं जाऊबाईंनी मला एकदा विचारलं होतं. येतं. एकदा नीट शिजवलं की ते नवीन अन्न धरायचं.

गरम करताना लागेल तेवढंच बाहेर काढा. डबाभर तापवून उरलेलं परत आत, परत तापवून परत आत, असं करायचं नाही, तापवायचं ते एकदाच. मी आधी नुसता रस्सा ठेवते, लागलं तर अर्धी वाटी पाणी, चांगली खळखळ उकळी येऊ देते, मग तुकडे अलगद सोडते आणि झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. तुकड्याच्या मधोमध 74 डिग्री व्हायला हवं. घरात थर्मामीटर नसतो, म्हणून मी एक तुकडा मोडून बघते. आतून वाफ आली पाहिजे, नुसता ऊन लागून उपयोग नाही. (बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथं पाणी शंभरऐवजी 97-98 डिग्रीलाच उकळतं, पण 74 च्या मानानं ते भरपूर झालं.) पळीनं ढवळायचं नाही, पातेलं कडेनं धरून हलवायचं, नाहीतर बांगड्याचा भुगा होतो. कोळंबी आणि तिसऱ्या सगळ्यात शेवटी. मायक्रोवेव्हमध्ये करणार असाल तर झाकून, मध्येच एकदा काढून हलवून, नंतर दोन मिनिटं तसंच ठेवून. त्याची उष्णता सगळीकडं सारखी लागत नाही, कडेला चटका आणि मध्ये गार.

कालच्या भाताबरोबर खाणार असाल तर भातालाही हेच तास लागू. ओट्यावर रात्र काढलेला भात कालवणापेक्षा कमी खोडकर नसतो.

घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारातून उठलेलं म्हातारं माणूस असेल तर त्यांना शुक्रवारी हे वाढू नका. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या गारव्यातही हळूहळू वाढतो आणि गरोदरपणात तो फार वाईट.

तर तुमच्या पातेल्याचं. दोन तासांच्या आत, आणि खूप उकाडा असेल तर तासाभरात ते फ्रीजमध्ये गेलं असेल, तर आता उठा, लहान डब्यांत करा आणि शुक्रवारी दुपारी संपवा. रात्रीपर्यंत लांबवू नका. तीन-चार तास बाहेर राहिलं असेल तर जीव खाली-वर होईल, सुरमईच्या भावात बांगडा मिळतोय हल्ली, पण टाका. मांजरालाही घालू नका. आणि वेळेत ठेवलेलं असेल तर शेजारी द्यायची कल्पना चांगली आहे, फक्त आज रात्रीच द्या आणि नीट उकळून खा म्हणून सांगा. उद्या सकाळी डबा घेऊन गेलात तर त्यांच्याकडेही गुरुवारच असणार.