फ्रान्सहून परतल्यावर दिवस मार्गी लागत नाही

प्रश्न : जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आम्ही उभयता मुलीकडे, फ्रान्समधील नांत शहरी होतो. तेथे दिवस मोठे, हवा कोरडी आणि रोज भरपूर चालणे होई. वेंगुर्ल्यास परतून पंधरवडा झाला, तरी रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही आणि सकाळी नऊच्या आत जाग येत नाही. नातवंडांशी बोलणे होते तेही रात्री साडेअकराला. कपाटांत बुरशी आली आहे, चतुर्थी तोंडावर आहे, बचत गटाकडे आलेल्या करंज्या-लाडवांच्या मागण्यांचा हिशेब माझ्याकडे आहे आणि कशालाच हात लावावासा वाटत नाही. घरची माणसे म्हणतात, एवढी विश्रांती घेऊन आलात, मग थकवा कसला? हा आळस समजावा की आजार?
– एक वाचक भगिनी, वेंगुर्ले

उत्तर : आपण दिलेल्या वेळांतच उत्तराचा मोठा भाग आहे. उन्हाळ्यात फ्रान्सचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. वेंगुर्ल्यात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा नांतला साडेदहा झालेले असतात, आणि आपल्या सकाळच्या नऊला तेथे पहाटेचे साडेपाच. आपले शरीर अजून मुलीच्या घरच्या वेळेनेच झोपते आणि उठते आहे, तेव्हा याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. बहुतेक माणसांचे आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असते. त्यामुळे पश्चिमेकडे जाताना उशिरा झोपणे सोपे जाते आणि पूर्वेकडे परतताना लवकर झोपणे जड जाते. शिवाय नांतला जूनअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर आपल्याकडे सात वाजून गेले की दिवेलागण होते.

एरवी हा फरक दिवसाला साधारण एक तास या गतीने भरून निघतो. आपल्या बाबतीत तो अडून राहिला, याचे कारण मला उजेडात दिसते. शरीराला वेळ सांगणारी सर्वांत प्रबळ खूण म्हणजे सकाळचा उजेड. पावसाळ्यात आपण दारे-खिडक्या लावून माजघरात बसतो, तेथे तो पोहोचत नाही. आभाळ कितीही भरलेले असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो, म्हणून उठल्याबरोबर अर्धा-पाऊण तास पडवीत बसावे, पेज तेथेच घ्यावी, सर ओसरली की खळ्यात फेऱ्या माराव्यात. मात्र एकदम पाचचा गजर लावू नये. अशा अवस्थेत फार पहाटेचा उजेड घड्याळाला पुढे नेण्याऐवजी मागेच ढकलतो. आज नऊ, उद्या साडेआठ, परवा आठ, असे सरकत यावे. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये आणि रात्रीचे जेवण आठच्या आत उरकावे.

एवढे करूनही आणखी दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा मन सतत खिन्न राहून जेवणावरची वासना उडाली, तर डॉक्टरांना दाखवावे. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली वा दुखू लागली, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

आता घरच्यांच्या बोलण्याविषयी. ते मला खटकले, कारण मुलीच्या घरी राहणाऱ्या आजीला निव्वळ विश्रांती क्वचितच मिळते. फ्रान्समध्ये कामगारांना 1936 साली कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, 1982 पासून ती पाच आठवडे झाली, आणि ऑगस्टमध्ये तेथे कितीतरी दुकाने कुलूप लावून गावाला जातात. सप्टेंबरच्या आरंभी शाळा उघडतात तेव्हा बहुतेक सारेच एकदम कामावर परततात. थकलेला चेहरा एकट्याचा नसतो. आपण उतरलात त्या श्रावणात येथे कोणीच सुट्टीवर नव्हते. लावणी उरकलेली, मासेमारीची बंदी 31 जुलैला संपून होड्या समुद्रात गेलेल्या, घरोघरी गणपतीसाठी भिंतींना रंग लागत असलेला. सगळ्यांच्या भरात आलेल्या कामात एकटीने मागून शिरणे हे कष्टाचेच असते, आणि हे आपण घरी स्पष्ट सांगावे असे मला वाटते. बुरशीची कपाटे मुलांनी व यजमानांनी रिकामी करावीत, चाकरमानी आले की माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची सजवलेली लाकडी चौकट, त्यांनी बांधावी. बचत गटात या वर्षी फक्त हिशेब पाहावा, तळणीपाशी उभे राहणे इतरांवर सोपवावे. बसून, उजेडात, ठरल्या वेळी करायचे ते काम सध्या आपल्याला मानवेल.

रात्रीचा फोन तेवढा बदला. आपल्या साडेअकराला मुलीकडे आठच वाजलेले असतात, म्हणून तिला ती वेळ सोयीची वाटते. पण हातातल्या पडद्याचा उजेड आणि नातवंडांना पाहून आलेली हुशारी आपली झोप पुढे ढकलते. सप्टेंबरपासून बुधवारचा दिवस धरावा, कारण तेथील बहुतेक प्राथमिक शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. तेथील दुपारचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातील, तेव्हा मुलीला दोनऐवजी एक वाजता फोन लावायला सांगा.