वाचकांचे प्रश्न : गुराबेच्या तोफा आणि फुटाळ्यात कलंडलेले जहाज

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी माझ्या मुलीने आंग्र्यांच्या आरमारातील गुराब या लढाऊ जहाजाची लाकडी प्रतिकृती पन्नासास एक या प्रमाणात केली. जुन्या चित्रांत गुराबेच्या मोठ्या तोफा पुढच्या टोकाकडे दिसतात, इंग्रजी युद्धनौकांच्या मात्र दोन्ही कुशींना असतात. असे का? शिवाय सगळी मापे काटेकोर असूनही फुटाळा तलावात सोडताच वाऱ्याच्या पहिल्याच झोताने ती कलंडली, ते कशामुळे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे मूळ जहाजाच्या घडणीत आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, तर दोन डोलकाठ्यांची 150 टनांच्या आतबाहेर असे. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद होती आणि कोकणातल्या खाड्यांमध्ये शिरता यावे म्हणून तिचा तळ उथळ ठेवलेला असे. मधल्या भागापासून ती निमुळती होत जाई आणि पुढे लांब नाळ, म्हणजे जहाजाचे टोक, बाहेर काढलेली असे. समोरून लाटा आल्या की ही नाळ जोराने खालीवर आपटे व पाणी थेट वर चढे. म्हणून बाकीच्या जहाजाला कठडा असला तरी नाळेवरची फळ्यांची जमीन मुद्दाम उघडी ठेवीत, म्हणजे आलेले पाणी न अडता दोन्ही अंगांनी ओसरून जाई. नाळेच्या मागे जी आडवी भिंत असे तिच्या झरोक्यांतून 9 किंवा 12 पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा नाळेवरून पुढे मारा करीत. कुशींनाही तोफा होत्या, परंतु त्या 6 ते 9 पौंडी, म्हणजे हलक्या. आपल्या मुलीने त्या लावल्या असतील तर काढू नयेत.

हल्ल्याची पद्धत पाहिली की ही मांडणी उलगडते. इंग्रजी जहाजाच्या कुशीसमोर जाणे म्हणजे त्याच्या साऱ्या तोफा अंगावर घेणे. त्याच्या पिछाडीला मात्र मोजक्याच तोफा असत. म्हणून गुराबा मागून गाठत आणि शत्रूच्या तिन्ही डोलकाठ्या एका रेषेत येऊ लागल्या की नेम धरून गोळे सोडत, म्हणजे एक चुकली तरी दुसरी सापडावी. वारा पडला की शत्रूचे जहाज जागच्या जागी खोळंबे आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांना दोरांनी ओढत नेत. डोलकाठ्या मोडल्या की माणसांनी भरलेली गलबते चोहोबाजूंनी भिडत. उघड्या समुद्रात समोरासमोर तोफांची झुंज देण्यासाठी हे जहाज घडवलेलेच नव्हते, आणि त्याला उणीव म्हणणे मला पटत नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचे आरमार नष्ट झाले तेही पाठलागात नव्हे. बंदरात एकमेकांना लागून उभ्या असलेल्या जहाजांपैकी एकाने पेट घेतला आणि आग सगळीकडे पसरली. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे दुखणे वेगळे.

आता कलंडण्याविषयी. मापे काटेकोर होती म्हणूनच ती कलंडली. सर्व मापे पन्नासाव्या हिश्श्यावर आणली की शिडाचे क्षेत्रफळ 2,500 पटींनी कमी होते, वजन मात्र सव्वा लाख पटींनी घटते. तलावावरचा वारा काही त्या प्रमाणात मंद होत नाही, त्यामुळे इवल्या जहाजाच्या वजनाच्या मानाने शिडावरचा रेटा फार मोठा ठरतो. पाण्यात चालवायच्या प्रतिकृतींना म्हणूनच तळाखाली उभी पट्टी जोडून तिच्या टोकाला शिसे लावतात. प्रदर्शनात ती काढून ठेवता येते. खऱ्या जहाजांच्या तळाशी दगडांचे वजन, म्हणजे नीरम, भरीत. स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेचा वरचा भाग नीरमाला न झेपण्याइतका जड झाला होता. 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीत, जेमतेम सव्वा किलोमीटर गेल्यावर, ती वाऱ्याच्या झोताने कलली, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरले आणि ती स्टॉकहोम बंदरातच बुडाली. 1961 मध्ये ती वर काढली.

प्रश्न : मुंबईच्या गोदीत बांधलेल्या युद्धनौकांना आपल्या आलापल्लीकडचे सागवान वापरत असत काय?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मुंबईच्या गोदीला मलबारचे सागवान समुद्रमार्गे सहज मिळे. आपल्याकडचे ओंडके तिथवर नेण्याची सोय कुठे होती? रेल्वेच नागपूरला 1867 मध्ये पोहोचली. गोदीतल्या वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याच्या देखरेखीखाली 1817 मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका मलबारी सागवानाचीच असून ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. इंग्लंडमधील जहाजांना वापरत त्या ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, तेलकट सागवानात ते टिकतात. इंग्रजांना मुंबईची जहाजे हवीशी वाटत त्याचे हे एक मोठे कारण होते.