चोपन्न आले कुठून?

"मॅडम, गणितात हिला पैकीच्या पैकी मिळते. पण ठोकळे आले की काहून अडते, तेच समजत नाही जी. उपजतच कमी असन का?" नागपूरच्या महाल भागातून आलेल्या आईनं बसता बसताच विचारलं. मुलगी सातवीत. तिला इथे ओवी म्हणते, बाकी तपशीलही ओळख पटू नये इतके बदलले आहेत. शिकवणीत कुणीतरी "मुलींना हे जरा जडच जातं" असं बोलून गेलं होतं. तेव्हापासून बुद्धिमत्ता चाचणीत ठोकळ्याचं चित्र दिसलं की ओवी पान उलटायची.

मी तिला नेहमीचा प्रश्न दिला. ठोकळ्याला बाहेरून सगळीकडे लाल रंग दिला, मग त्याचे 27 सारखे तुकडे केले. रंग लागलेले तुकडे किती?

"चोपन्न," ती म्हणाली आणि लगेच गप्प झाली. तुकडेच सत्तावीस! मग तिनं ते 54 खोडायला घेतलं ते कागद फाटेपर्यंत. "सर म्हणतात डोळे मिटून पाहा. मला काहीच दिसत नाही ना."

तो फाटका कागद मी जपून ठेवला.

पुढच्या भेटीला आईनं कॉटन मार्केटातून चांगला मोठा आलू आणला, मी बीट किसून त्याचा रस. आईनं आलूचा चौकोनी ठोकळा कापला, ओवीनं सहाही बाजूंना रस चोळला. मग एकेका दिशेनं दोन असे सहा काप. तुकडे पेपरवर मांडताना एक हातात घेऊन ती म्हणाली, "याला रंग लावायचा राहिला."

"अगं, तो मधला ना!" आई म्हणाली.

तो पांढरा तुकडा ओवीनं बराच वेळ मुठीत धरून ठेवला. मग ढीग लावले. तीन बाजू लाल असलेले कोपऱ्यांचे 8, दोन बाजूंचे 12, एकाच बाजूचे 6. रंगलेले 26.

आता मी तिचा फाटका कागद पुढे ठेवला आणि तुकडे सोडून नुसत्या लाल बाजू मोजायला सांगितलं. आठ त्रिक चोवीस, बारा दुणे चोवीस, वर सहा. चोपन्न! तिनं पुन्हा मोजलं, पुन्हा चोपन्नच. तिची मोजणी चुकलीच नव्हती. प्रश्न तुकड्यांचा होता, तिनं बाजू मोजल्या होत्या. कोपऱ्यातला तुकडा तीनदा मोजला गेला, कडेचा दोनदा. आणि पुस्तकातल्या चित्रात तरी काय असतं? तीनच बाजू, म्हणजे 27 पैकी 19 तुकडे. उरलेले आठ मुलीनं कुठून आणावेत?

ज्या पालकांना हीच काळजी आहे, त्यांना मी दोन गोष्टी सांगते. मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी 1971 मध्ये दाखवलं की मनात आकृती जितकी जास्त फिरवायची, तितका वेळ जास्त लागतो. मोठ्यांनाही लागतो. त्यामुळे "पटकन दिसत नाही" हा काही दोष नव्हे. दुसरं म्हणजे, डेव्हिड उटल आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 217 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आकृत्या मनात पाहण्याची ही क्षमता सरावानं वाढते असंच दिसलं. तेव्हा उपजत म्हणून सोडून देऊ नका. आणि मुलींना जमत नाही, हे तर मुलींच्या कानावर पडू देऊ नका. त्या एका वाक्यानं ओवीचं अख्खं वर्ष खाल्लं, याचा मला आजही राग येतो.

हातात वस्तू न देता "डोळे मिटून पाहा" म्हणणं मला पटत नाही. आधी हात, मग डोळे मिटायचे.

प्रत्येक दिशेला चार-चार तुकड्यांच्या ठोकळ्याला ओवीनं आलू मागितला नाही. बोटं हवेत फिरवत म्हणाली, "तीनवाले आठच. दोनवाले चोवीस, एकवाले चोवीस. आत आठ." मग स्वतःहून बाजूंचा ताळा घेतला, 96.

फाशांचे (कुठल्या बाजूसमोर कुठली बाजू येते, असे) प्रश्न अजून तिला वेळ खातात, ते मी आईपासून लपवलेलं नाही. सध्या घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांवर सहा-सहा चौकोन जोडून काढायचे, कापायचे आणि दुमडून ठोकळा होतो का पाहायचं, हे चाललंय. असे वेगवेगळे नमुने एकूण 11 होतात. ओवीला नऊ सापडलेत. उरलेले दोन सांगू नका, असं तिनं मला बजावलंय.