दावेदार की तोतया?

प्रश्न: न्यू जर्सीतल्या एका वाचकाने विचारलं आहे की सप्टेंबर लागला की तिथल्या मराठी मित्रमंडळींत बेसबॉलवरून जुंपते. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाबद्दल 'मेट्स कंटेंडर आहेत की प्रिटेंडर?', म्हणजे खरोखर जिंकण्याच्या लायकीचे की नुसता आव आणणारे, हे मराठीत कसं म्हणायचं? कंटेंडरला 'दावेदार' चालेल ना? आणि जाता जाता, 'मॅजिक नंबर'ला मराठीत काय म्हणावं?

उत्तर: नाही चालणार. 'प्रबळ दावेदार' ही जोडगोळी हिंदी बातम्यांतून आपल्या क्रीडापानांवर आली आणि तिथे ठाण मांडून बसली. विश्वचषक असो, पालिकेची निवडणूक असो की गाण्याची स्पर्धा, जो तो प्रबळ आणि जो तो दावेदार. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये 2022 पासून 30 पैकी 12 संघ प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीला जातात: दोन्ही लीगमधून तीन-तीन डिव्हिजन-विजेते (डिव्हिजन म्हणजे लीगमधला गट) आणि तीन-तीन वाइल्ड कार्ड (डिव्हिजन न जिंकताही विजयांच्या जोरावर मिळणारी जागा). जागा वाढल्या, मग काय, ऑगस्ट संपेपर्यंत निम्मी लीग 'प्रबळ'.

शर्यत, स्पर्धक वगैरे अर्थ कोशात मिळतील, त्यांत वेळ घालवत नाही. खरी मजा 'दावा'त आहे. शब्द अरबी. मूळ धातूचा अर्थ हाक मारणे, पुकारणे. जेवायला हाक मारली की 'दावत'. देवाला हाक मारली की 'दुआ', म्हणजे आपला 'गोरगरिबांचा दुवा घ्यावा' मधला दुवा (संकेतस्थळावर टिचकी मारतो तो दुवा निराळा). आणि 'हे माझं आहे' अशी चारचौघांत हाक दिली की 'दावा'. त्याला फारसी 'दार' जोडला की दावेदार. म्हणजे दावेदाराने करायचं काय, तर पुकारा. त्याच्या पदरी कर्तृत्व असलंच पाहिजे अशी अट शब्दात कुठेही नाही. कोर्टात दावा लावणाऱ्याचा दावा खोटा निघाला तरी निकालापर्यंत तो दावेदारच असतो.

इथे काही शुद्धिप्रेमी मंडळी 'वाद'ची अक्षरं उलटसुलट करून 'दावा' संस्कृतातून काढतात. काहींना त्यात दावानल दिसतो. गुरं बांधायचं 'दावं' पुढे करणारेही भेटले आहेत. त्या दाव्याचं मूळ संस्कृत 'दामन्', दोरी, दावण त्यातलीच. उच्चार जुळला की सोयरीक जुळवायची असेल तर मग कोशांची गरजच काय! मराठीने या शब्दाची स्वतःची मशागत केली ती वेगळ्याच वावरात. भाऊबंदकीत कज्जे चालले, पिढ्या सरल्या आणि 'दावा' म्हणजे वैरच झालं. 'उभा दावा', 'दावा साधणे' हे त्यातून आलेले. जुन्या मराठीत दावेदार म्हणजे वैरीसुद्धा. यांकी आणि रेड सॉक्स हे बेसबॉलमधले हाडवैरी संघ एकमेकांचे दावेदार आहेत, असं कोणी म्हटलं तर मी टाळ्या वाजवीन.

आता प्रिटेंडर. आज आपण त्याचा अर्थ 'सोंग करणारा' असा घेतो, पण इंग्लंडच्या इतिहासात हा सिंहासनावर हक्क सांगणाऱ्याला लावलेला शब्द आहे. 1745 साली गादी मिळवायला स्कॉटलंडात उतरलेला चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, त्याला 'यंग प्रिटेंडर' म्हणत. थोडक्यात, प्रिटेंडर म्हणजेच दावेदार! तुमची मित्रमंडळी कंटेंडरला दावेदार म्हणतात तेव्हा ती नेमकी उलट्या बाजूला जाऊन उभी राहतात.

आपल्याकडे या जातीचा एक अस्सल नमुना होऊन गेला. पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे 'मीच भाऊ' म्हणत एक जण उभा राहिला. त्याने किल्ले घेतले, माणसं जमवली, पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडवली. 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. तो तोतया. प्रिटेंडरला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. 'मेट्स चुरशीत आहेत की तोतये आहेत?' हे म्हणून पाहा. कंटेंडरला नाम शोधत बसू नका, मराठीचं काम क्रियापदाने भागतं: चुरशीत आहे, चुरशीतून गेला.

2025 चा हंगाम घ्या. जूनच्या मध्याला मेट्स 45-24 वर (45 विजय, 24 पराभव) होते, मेजर लीगमध्ये त्यांच्याहून सरस कोणी नव्हतं. शेवटच्या दिवशी मायामीत हरले आणि 83-79 वर थांबले. सिनसिनाटी रेड्सही 83-79 वरच, पण आपसांतल्या सामन्यांत रेड्स वरचढ होते, म्हणून तिसरं वाइल्ड कार्ड त्यांना गेलं. त्या संध्याकाळी मेट्सच्या चाहत्यांपाशी दावा नव्हता, नुसता दुवा होता, तोही कामी आला नाही. उलट क्लीव्हलँड गार्डियन्स जुलैच्या सुरुवातीला आपल्याच डिव्हिजनमधल्या डेट्रॉइट टायगर्सच्या साडेपंधरा सामने मागे होते. त्यांनी काही पुकारलं नाही, कोणी त्यांना प्रबळ म्हटलं नाही, आणि डिव्हिजन त्यांनीच जिंकली. मग वाइल्ड कार्ड मालिकेत त्याच टायगर्सनी त्यांना हरवलं. आता यांतला तोतया कोण, हे तुमच्या मंडळींनी ठरवावं. त्यावर एक अख्खी संध्याकाळ जाईल.

मॅजिक नंबर राहिलाच, म्हणजे पहिल्या संघाची जागा पक्की व्हायला अजून किती हवं तो आकडा. त्याला मराठी शब्द घडवू नका, तो मांडायला शिका. हंगामाचे 162 सामने, त्यात एक मिळवून 163; त्यातून पहिल्या संघाचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव वजा करायचे. पहिल्याचे विजय 90, दुसऱ्याचे पराभव 66, तर उरले 7. यापुढे पहिल्याचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव मिळून 7 झाले की मिटलं. पूर्वी बरोबरी झाली तर जादा सामना खेळवत, 2022 पासून तो बंद झाला. त्यामुळे आपसांतल्या सामन्यांत पहिला संघ वरचढ असेल तर 7 च्या जागी 6 धरा.