आईचा कॅन्सर मुळात फुफ्फुसाचा. तिच्या मेंदूतली गाठ रेडिओसर्जरीनंतर (न कापता, रेडिएशनचा नेमका मारा) पुन्हा वाढली आहे. डॉक्टर लेझर सुचवतात. करून घ्यावा का? कुणाला अनुभव आहे का?

तुम्ही खाली लिहिलंय, ‘एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसते, म्हणजे कॅन्सर परत आलाच.’ त्या ‘म्हणजे’साठी मी लिहायला बसलोय. लेझरचं नंतर बघू.

आमच्या घरात हाच ‘म्हणजे’ तीन आठवडे मुक्कामाला होता. माझी थोरली बहीण, आक्का. स्तनाचा कॅन्सर, मग मेंदूत एक गाठ, तिच्यावर पुण्यात रेडिओसर्जरी. अकरा महिने बरे गेले. मग भाकरी थापताना डावा हात परातीत नुसता पडून राहायला लागला. एमआरआय केला तर गाठ जवळपास दुप्पट आणि भोवती ही सूज. इथल्या एका डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, ‘परत आलाय.’ संपलं. दाजींनी त्याच रात्री सगळ्या पाहुण्यांना फोन केले. आमच्या सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती. ‘एकदा होम मैदानावर फिरवून आणा की ओ, पुढच्या साली कोण कुठं’ हे लोक तिच्यासमोर बोलत होते. ती डोक्याला बधिर झाली नव्हती हो, हात जड झाला होता.

मी तेव्हा यूट्यूबवर लेझरचा व्हिडिओ बघून पेटलेलो. बारीक भोक, आत तार, दोन दिवसांत घरी. दाजींचं एकच पालुपद, ‘डोक्याला भोक पाडायचं नाही म्हणजे नाही.’ चूक आम्ही दोघंही होतो. पण दाजी जास्त.

शेवटी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने आक्काला घेऊन पुण्याला गेलो, ज्यांनी रेडिओसर्जरी केली होती त्यांच्याकडेच. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? ‘तुकडा तपासलाय का?’ म्हणजे बायोप्सी, गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. मग जुना रेडिएशनचा नकाशा नव्या एमआरआयवर चढवून दाखवला. वाढ बरोबर जास्त डोसच्या पट्ट्यात होती. रेडिओसर्जरीनंतर काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी, तिथला भाग मरतो, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, सूज येते. याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. साध्या एमआरआयवर ते हुबेहूब वाढलेल्या कॅन्सरसारखं दिसतं. परफ्युजन (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणारा एमआरआय) आणि पेट स्कॅनने (पेशी किती जोमात आहेत ते दाखवणारा) अंदाज बांधता येतो, पण बऱ्याचदा काटा मधेच अडकतो. आमचा अडकला.

बायोप्सीच्या कागदावर दाजी सही करेनात. आक्कानेच उजव्या हाताने केली. रिपोर्ट आला: मेलेल्या पेशी, कॅन्सर सापडला नाही.

तीन आठवडे आम्ही जिच्यासाठी हळू आवाजात बोलत होतो तिच्या डोक्यात कॅन्सर नव्हताच! तोवर डेक्सामेथासोनने, म्हणजे सुजेवरच्या स्टेरॉइडने, तिचं तोंड सुजलं होतं, साखर तीनशेवर, मांड्यांतली ताकद गेल्यामुळे पाटावरून उठता येईना. जखम भरल्यावर बेव्हॅसिझुमॅबची इंजेक्शनं सुरू झाली. ती पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांवर काम करतात. महाग आहेत, बीपी बघत राहावं लागतं, पण सूज उतरली, डेक्सा सुटलं, दोन महिन्यांनी भाकरी पुन्हा गोल व्हायला लागली. लेझरची वेळच आली नाही.

तर तुमचा लेझर. कवटीला काही मिलिमीटरचं छिद्र पाडून बारीक फायबर थेट गाठीत नेतात आणि एमआरआय मशीनमध्येच तापवतात. तापमान स्क्रीनवर दिसत राहतं, त्यामुळे कुठवर पेशी मेल्या हे डॉक्टरांना तिथल्या तिथे कळतं. मजा म्हणजे कॅन्सर असो की नेक्रोसिस, दोन्हींवर चालतं, आणि त्याच छिद्रातून आधी तुकडाही घेता येतो. अमेरिकेत रेडिओसर्जरीनंतर वाढलेल्या गाठींवर लेझर केलेल्या ४२ रुग्णांचे निकाल २०१८ साली आले. सहा महिन्यांनी साधारण ७२ टक्के जिवंत होते. पण तुकडा तपासला तेव्हा जवळपास निम्म्यांत कॅन्सर नव्हे, नेक्रोसिस निघालं. वाचा परत. निम्म्यांत.

गाठ खोल असेल, तीन सेंटीमीटरच्या आत असेल, उघडं ऑपरेशन झेपणार नसेल, तर लेझरला अर्थ आहे. मोठी गाठ मेंदूला दाबत असेल तर नाही. कारण लेझरनंतर गाठ लगेच आक्रसत नाही, आधी फुगते, सूज काही आठवडे वाढते, पुन्हा स्टेरॉइड. पहिला एमआरआय बघून तुमच्या घरात पुन्हा रडारड होईल, तेव्हा हे आठवा. आणि ‘लेझर’ या शब्दाला भुलू नका. चष्म्याचा नंबर घालवायचा लेझर नाही हा.

आता दाजींच्या बाजूनेही सांगतो, नाहीतर ते हे वाचून फोन करतील. मेंदूच्या बायोप्सीत रक्तस्राव होऊ शकतो. तुकडा चुकीच्या जागेचा येऊ शकतो, मेलेला भाग आणि कॅन्सर एकत्रही असतात. वाढ लहान असेल, त्रास नसेल तर डॉक्टर नुसतं थांबून परत एमआरआय करायला सांगतात, तेही बरोबरच. त्या ४२ जणांच्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि तुमच्या आईंचा कॅन्सर फुफ्फुसाचा आहे, त्यात हल्ली मेंदूपर्यंत पोचणाऱ्या गोळ्या आहेत, जनुकांचा रिपोर्ट बघून ठरतं. ते आधी विचारा.

आक्का त्यानंतर सव्वादोन वर्षांनी गेली. लिव्हरने. दाजी अजून लग्नाकार्यात सांगतात, ‘डोक्याला भोक पाडलं तिथंच बिघडलं.’ दाजी, शेवटच्या आठवड्यातही ती तुमच्या यंत्रमागाच्या कामगारांचा हिशेब तोंडी करत होती, आणि तुमचा चुकलेला होता.

पुढच्या डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टचे कागद पुरत नाहीत. सगळ्या एमआरआयच्या सीड्या, अगदी पहिल्यापासून, आणि रेडिओसर्जरीच्या डोसचा प्लॅन मागून घ्या. मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि आईंचा तुकडा तपासलाय की नाही, तेवढं खाली एका ओळीत कळवा.